डावी बाही

हिलरीच्या बुटाची टाच दोरीला अडकली आणि त्या दिवसाचं सगळं तिथूनच बिनसलं.

लंडनमधल्या डेप्टफर्डच्या जुन्या वखारीत फॅशन शोसाठी मधोमध लांबलचक पांढरं कापड अंथरून वाट तयार केली होती. संध्याकाळी तिच्यावरून पोरी चालणार होत्या. सगळ्यात शेवटी, दरवर्षीप्रमाणे, थर्झा बार्डस्ली एकटीच टोकापर्यंत जाणार, मान किंचित झुकवणार आणि आली तशी परत फिरणार. बाई बहात्तरची झाली होती, पण या चालण्यात तिनं आजवर कुणाला सोबत घेतलं नव्हतं. मॅकल्सफील्डच्या रेशमाच्या गिरणीतून लंडनला आलेल्या या बाईनं कोटाचा खांदा असा काही कापला की अर्ध्या इंग्लंडातल्या बायका ताठ चालायला लागल्या, असं वर्तमानपत्रं लिहीत. वर्तमानपत्रांना अतिशयोक्तीची खोड असतेच, पण खांद्याचं खरं होतं.

पहिल्या रांगेत जपानी भागीदारांच्या खुर्च्या होत्या. शो संपला की माईक हातात घेऊन थर्झाच्या मुलीनं, हिलरीनं, जाहीर करायचं होतं की पुढची पाच वर्षंही या कंपनीचा प्रत्येक कपडा तिच्या आईच्या नजरेखालूनच जाईल. भागीदार त्या एका वाक्यासाठी आले होते. ते मागे हटले असते तर कारखान्याला टाळं लागायला उन्हाळाही उजाडावा लागला नसता.

हिलरीनं वाकून कापडाची कड उचलली. खाली मधोमध, या टोकापासून त्या टोकापर्यंत, बोटाएवढी जाड सुती दोरी चिकटपट्टीनं नीट बसवलेली होती.

"हे कुणाचं डोकं?" ती खुर्च्या मांडणाऱ्या माणसांवर खेकसली. "एखादी पोरगी तोंडावर आपटेल. काढा आधी."

"कुणी हात लावायचा नाही!"

पडद्यामागून क्लेम आला. थर्झाचा धाकटा भाऊ, गळ्यात मोजपट्टी, तोंडात टाचण्या. बहिणीनं चित्र काढायचं आणि यानं ते कागदावर उतरवून कापडावर कापायचं, असा त्या दोघांचा कारभार पहिल्या दुकानापासून चालला होता.

"अंकल क्लेम, ही तुम्ही टाकलीत?"

त्यानं तोंडातल्या टाचण्या काढून कोटाच्या कॉलरला खोचल्या. "कापड सरकू नये म्हणून."

"कापड दोन्ही बाजूंनी ठोकलंय."

"मग जास्तीची खबरदारी."

"मधोमध?"

"हिलरी, तू हिशेब बघ. वाटेचं मी बघतो. आजवर आपलं असंच चालत आलंय ना?"

हे तिला जिथे लागायचं तिथे लागलं. नऊ वर्षांची असताना तिनं कारखान्यात एका झग्याच्या कडेला टाके घातले होते. थर्झानं ते उसवले, सगळ्या शिवणाऱ्या बायकांसमोर म्हणाली, "हिचे हात जड आहेत," आणि सप्टेंबरात तिची रवानगी डेव्हनच्या निवासी शाळेत केली. त्यानंतर घरातल्या कुठल्याही कपड्याबद्दल तिचं मत कुणी विचारलं नव्हतं.

"काढा," ती माणसांना म्हणाली.

यावर क्लेमनं जे केलं त्याला काय म्हणावं! तो त्या पांढऱ्याशुभ्र वाटेवर, दोरीच्या बरोबर वर, फतकल मारून बसला. "माझ्यासकट उचला," म्हणाला. माणसं हसायला लागली. हिलरीही हसली असती, पण तिला म्हाताऱ्याची हनुवटी थरथरताना दिसली. हा माणूस दोरीसाठी रडेल?

तेवढ्यात पडद्यामागून तिच्या मुलीची, टॅम्सिनची, हाक आली. "मम्मी! जरा इकडे ये. पळत."

क्लेम हिलरीच्या आधी उठला. तो गेलेला पाहून माणसांनी दोरी ओढून काढली आणि गुंडाळून कोपऱ्यात टाकली. सांगितलेलं काम त्यांनी केलं, त्यांचा काय दोष?

*

का बोलावलंय हे क्लेमला ठाऊक होतं. परवापासून तो याच हाकेची वाट बघत होता.

टॅम्सिन लाकडी खोक्यावर उभी होती, अंगात हस्तिदंती मखमलीचा नवरीचा कोट. शोच्या शेवटी नवरी काढायची हा धंद्याचाच रिवाज, पण बार्डस्लींच्या घरात त्याला आणखी एक शेपूट होतं. नवरीच्या कपड्याचा शेवटचा टाका ती बाहेर पडायच्या क्षणापर्यंत घालायचा नाही, आणि तोवर तिनं आरशात बघायचं नाही. मॅकल्सफील्डला थर्झाची आई शेजारच्या पोरींचे लग्नाचे झगे शिवायची तेव्हापासूनची ही पद्धत. शेवटचा टाका घरातली मोठी बाईच घालणार. यंदा नवरी म्हणून घरातलीच पोरगी, थर्झाची नात, उभी केली होती.

आरसा नव्हता, पण फोटोवाल्यानं प्रकाश तपासायला काढलेला झटपट फोटो टॅम्सिनच्या हातात होता.

"ही बाही राखाडी का दिसतेय?" तिनं विचारलं. "मी हलले का?"

हिलरीनं फोटो बघितला, मग कोट बघितला. उजवी बाही दुधासारखी. डावी मळकट, जणू दुसऱ्याच ताग्यातली.

मखमलीला लव असते. वरून खाली हात फिरवला तर मऊ लागते, उलटा फिरवला तर बोटांना अडते. लव उलटी लागली की रंगसुद्धा बदलून दिसतो. कापड आडवं दुमडून दोन बाह्या एकदम कापल्या की त्यातली एक हमखास उलटी निघते, म्हणून मखमल कधी दुमडून कापत नाहीत. कारखान्यात नवीन आलेल्या पोरीला चहा कुठे मिळतो ते सांगायच्या आधी हे सांगतात.

"उलटी कापलीय," हिलरी म्हणाली. जड हातांच्या बाईलाही एवढं कळत होतं. "कुणी?"

"मी," क्लेम म्हणाला.

"तुम्ही?"

"म्हातारा झालोय."

"अंकल क्लेम, तुम्ही पडद्याची मखमलसुद्धा दुमडून कापणार नाही. आणि काल मम्मीनं कोट पास केला. मी दारात उभी होते. टॅम्सिनभोवती दोनदा फिरली आणि म्हणाली, उत्तम. इतकी मोठी चूक तिला..."

ती बोलता बोलता थांबली. क्लेमनं तिच्या चेहऱ्याकडे बघितलं आणि आता पुढे काय येणार हे त्याला कळलं. खोटं बोलायला काहीतरी सुचावं म्हणून तो धडपडला, पण त्याच्याकडच्या सगळ्या थापा गेल्या वर्षभरात वापरून संपल्या होत्या.

"ती दोरी," हिलरी हळू आवाजात म्हणाली. "मम्मीच्या पायांसाठी होती. तिला तळव्यांना लागावी म्हणून."

क्लेम गळ्यातली मोजपट्टी बोटांभोवती गुंडाळायला लागला.

"तिला दिसत नाही?"

"कडेकडेचं दिसतं. मधलं गेलंय. डॉक्टर म्हणाला, परत येणार नाही." एकदा सुरू झाल्यावर त्याला थांबता येईना. "रंग मी सांगतो. कानात. तुला वाटायचं आम्ही कुणाची तरी टिंगल करतोय. परवा मी जेवायला गेलो होतो. परत आलो तर तिनं दोन्ही बाह्या स्वतः कापून ठेवलेल्या. दुमडून. हात फिरवून बघितला असणार, पण वरच्याच थरावरून. इतकी खूश होती, हिलरी! 'बघ, एकटीनं कापल्या,' म्हणाली. मी काय सांगणार होतो?"

"आजीच्या डोळ्यांचं तुला माहीत नव्हतं?" टॅम्सिन खोक्यावरूनच म्हणाली. "मला वाटलं, तुला माहितीये आणि तू दाखवत नाहीयेस."

हिलरी तिच्याकडे वळली. "म्हणजे तुलाही?"

"नाताळात तिनं बिस्किटं घे म्हणून बटणांचा डबा पुढे केला. मी एक बटण घेतलं. चहात बुडवलं. छान आहे म्हटलं." टॅम्सिनच्या डोळ्यांत पाणी आलं. "मग मला काय करायला हवं होतं?"

*

थर्झा पडद्याच्या फटीतून आत आली तेव्हा खोलीत नको इतकी शांतता होती.

ती आता माणसांना कडांवरून ओळखायची. समोर बघितलं की मध्ये धुक्याचा गोळा, म्हणून जरा बाजूला बघायचं, म्हणजे माणसाचा कान, खांदा, केसांचा रंग असं काही हाती लागे. क्लेमच्या अंगाला कापराच्या वड्यांचा वास येई. हिलरी टाचांवरून कळे. लोक म्हणत, थर्झा म्हातारपणी अजूनच तोऱ्यात आलीय, कुणाच्या डोळ्याला डोळा देत नाही. ती म्हणे, बरंच आहे.

"कोण मेलं?" तिनं विचारलं.

"काही नाही, थर्झा," क्लेमचा आवाज घाईघाईनं आला. "सगळं उत्तम चाललंय. तू बस, चहा..."

"मम्मी," हिलरी म्हणाली, "जरा बाह्यांवरून हात फिरव."

"हिलरी, आज नको. पाया पडतो तुझ्या."

"दोन्ही बाह्यांवरून. एकदम."

थर्झाला त्या आवाजात काहीतरी ऐकू आलं. तिनं मनगटावरची टाचण्यांची गादी काढून क्लेमकडे दिली, पुढे झाली आणि टॅम्सिनच्या दोन खांद्यांवर दोन तळहात ठेवले. मग ते सावकाश खाली आणले.

एक हात सरकला. दुसरा अडला.

तिनं परत वर नेले, परत खाली आणले. तिसऱ्यांदा करायची गरज नव्हती, तरी थर्झानं केलं. गिरणीत तेराव्या वर्षी ती कापडावर हात फिरवून लव सांगायची आणि मुकादम तिला पैजेवर उभी करायचा. त्याच हातांनी ही चूक केली होती. आपल्या हातांना अजून दिसतं, या एका गोष्टीवर ती गेलं वर्षभर उभी होती.

पण राग आला तो दुसऱ्याच गोष्टीचा.

"क्लेम," ती म्हणाली, "ही बाही तू जोडलीस. तुझ्या हातांना कळलं नाही, असं मला सांगू नकोस."

"कळलं."

"आणि काल मी विचारलं, कसा दिसतो. तू म्हणालास, चांदण्यासारखा."

"तू इतकी खूश होतीस, थर्झा."

"मी खूश होते! अख्ख्या लंडनला मला हसायला लावणार होतास, आणि का, तर मी खूश होते!"

"मला सांगवलं नाही गं," तो म्हणाला आणि खोक्याच्या कडेवर बसला.

आता हिलरीचा बांध फुटला. "आणि मी? मी तासाभरात माईकवर सांगणार होते, सगळं मम्मीच्या नजरेखालून जातं म्हणून! अंकल क्लेमला माहीत, टॅम्सिनला माहीत, बटणं खातेय ती बिचारी, आणि मी एकटीच मूर्ख. मला का नाही सांगितलंस?"

"बटणं?" थर्झा म्हणाली.

"विषय बदलू नकोस. मला का नाही?"

थर्झानं धुक्यातून तिच्या दिशेनं बघितलं. केसांचा तांबूस पट्टा दिसला, बाकी काही नाही.

"कारण तू मला सांगितलं असतंस."

"म्हणजे काय?"

"क्लेमला मी सांगितलं, कारण मला ठाऊक होतं, तो सगळं छान आहे म्हणत राहील. तू तोंडावर म्हणाली असतीस, मम्मी, कात्री खाली ठेव." तिचा आवाज चिरकला आणि तिला स्वतःचाच संताप आला. "मला ठेवायची नव्हती. झालं? आता नवरी रद्द करा. हिरव्या कोटांवर शो संपवा."

"हिरव्यावर?" क्लेम कळवळला. हिरवा रंग शेवटी आला की पुढचं वर्ष खराब जातं हे शिवणकाम करणाऱ्या प्रत्येकाला माहीत असतं. "आणि नवीन बाही काढायला कापड नाही. या रंगाचा तुकडा उरलेला नाही."

पडद्यापलीकडे खुर्च्या सरकल्याचे, लोक येऊन बसायला लागल्याचे आवाज येत होते. थर्झाला हिलरीच्या टाचा ऐकू आल्या. त्या कोटाभोवती सावकाश फिरल्या आणि मागे थांबल्या.

"मागचा घोळ काढा," हिलरी म्हणाली.

"काय?"

"मागे जमिनीवर लोळणारी ही सगळी मखमल. तिच्यात तीन बाह्या निघतील."

"घोळ काढल्यावर उरलं काय?" क्लेम उसळला. "उद्या पेपरात फोटो घोळाचाच येतो!"

"म्हणूनच. पहिल्या दिवसापासून मला तो जड वाटतोय. माणूस मागून जमिनीकडेच बघत राहतो. खांद्याकडे कुणी बघत नाही, आणि मम्मीचं सगळं काम खांद्यात आहे."

थर्झा हलली नाही. तिनं मनातल्या मनात कोटाला मागून बघितलं. तिथे अजून सगळं लख्ख दिसत होतं. घोळ काढला. खांदा वर आला.

"हे तू आधी का नाही बोललीस?"

"मला कुणी विचारलं? नवव्या वर्षीच माझे हात जड ठरले."

"हात जडच आहेत तुझे," थर्झा म्हणाली. "डोळ्यांबद्दल मी काही बोलले नव्हते." मग तिनं आवाज चढवला. "क्लेम, रडणं नंतर. कात्री घे. मखमल एकेरी पसर. लव मी सांगते, तू खडू मार."

*

बाही जोडून झाली तेव्हा बाहेर संगीत सुरू होऊन बराच वेळ झाला होता. हिरवे कोट जाऊन आले होते. मशीनवर बसलेल्या बाईच्या कपाळावर घाम होता आणि क्लेमच्या गुडघ्यांना हस्तिदंती धूळ. हिलरी कोटाकडे बघत उभी होती. घोळ गेल्यावर तिची मुलगी एकाएकी मोठी दिसायला लागली होती. हे आपल्याला सुचलं, या विचारानं तिला आनंद होत होता आणि तो आनंद लपवावा की नाही ते कळत नव्हतं.

"सुई," थर्झा म्हणाली.

क्लेमनं सवयीनं दोरा ओवून पुढे केला. थर्झानं घेतली. मग हात तसाच हवेत ठेवून म्हणाली, "हिलरी, खाली बस. समोरच्या कडेला जिथे अस्तर उघडं आहे तिथे बोट ठेव. मी बोटाशेजारी टाका घालते."

"मी?"

"तुझं बोट मोठं आहे. मला सापडेल."

हिलरी पस्तीस-छत्तीस वर्षांनी कपड्याच्या कडेशी गुडघे टेकून बसली. आईचा हात चाचपडत आला, तिच्या बोटाला लागला, थांबला. सुई आत गेली आणि बाहेर येताना सरळ हिलरीच्या बोटात घुसली. तिनं हात झटकला नाही, ओठ दाबले. पण रेशमी अस्तराच्या बाहेर वळलेल्या कडेवर लाल ठिपका उमटला.

क्लेमनं तोंडावर हात ठेवला. मशीनवरची बाई उठून उभी राहिली.

"काय झालं?" थर्झा म्हणाली. "कुणी बोलत का नाही?"

"सुई बोचली," हिलरी म्हणाली. "कडेवर माझं रक्त लागलंय."

"केवढं?"

"मसुरीएवढं. समोरच आहे. दिसणार."

"मग थुंक."

"काय?"

"पांढरा दोरा तोंडात घाल, चावून ओला कर आणि ठिपक्यावर दाब. ज्याचं रक्त त्याचीच थुंकी लागते, माझी चालणार नाही. घासू नकोस, दाब. कारखान्यातल्या सगळ्या पोरींना माहितीये हे."

"मला कुणी सांगितलं नव्हतं."

"आता सांगतेय ना."

भारी सूट घातलेली, निवासी शाळेत शिकलेली हिलरी बार्डस्ली दोरा चघळायला लागली. टॅम्सिनला हसू आलं, पण तिनं आवरलं. हिलरीनं ओला गोळा ठिपक्यावर दाबला, उचलला, परत दाबला. पडद्याशी उभ्या असलेल्या माणसानं हात वर करून खूण केली, नवरीला पाठवा.

"गेला?" थर्झानं विचारलं.

"गेला, गेला," क्लेम म्हणाला. "काही म्हणजे काही दिसत नाही."

थर्झानं त्याच्याकडे तोंडसुद्धा वळवलं नाही. "हिलरी?"

हिलरीनं कड उजेडाकडे धरली. आतून तिला हो म्हणायची इच्छा झाली. बाहेर माणसं थांबली होती.

"नाही," ती म्हणाली. "अजून गुलाबी आहे."

"मग आणखी थुंक. थांबतील ते."

ते थांबले. ठिपका गेला. थर्झानं टाका आवळला, दोरा दातांनी तोडला आणि टॅम्सिनच्या पोटरीवर हलकी चापट मारली. पोरगी गेली. पलीकडून टाळ्यांचा आवाज वाढत वाढत त्यांच्यापर्यंत आला. क्लेम डोळे पुसत होता.

आता थर्झाची पाळी. तिनं स्कर्ट झटकला, पांढरे केस मागे सारले आणि पायातले बूट काढायला लागली. कशासाठी, ते हिलरीच्या लक्षात आलं.

"मम्मी, बूट राहू दे. दोरी नाहीये. मघाशी मीच काढायला लावली. मला माहीत नव्हतं."

थर्झा वाकलेली होती तशीच राहिली.

"मी बसवतो परत," क्लेम म्हणाला. "कापडावरूनच. दोन मिनिटं द्या."

"राहू दे, क्लेम." ती सरळ झाली. पडद्याच्या कडेनं प्रखर दिवे आत येत होते. त्यांच्याकडे तोंड करून ती जरा वेळ उभी राहिली. "मी वाकडी जायला लागले तर सांगशील?"

"सांगेन," हिलरी म्हणाली.

"लगेच. मला बरं वाटावं म्हणून थांबू नकोस."

"लगेच सांगेन."

"आणि नंतर माईकवर? ते तुझे जपानी?"

हिलरीनं बोट तोंडात घालून राहिलेलं रक्त चोखलं. "त्यांनाही सांगेन."

"उठून जातील."

"जातील कदाचित."

थर्झाचा हात बाजूला पुढे आला. हवेत थोडा शोधत राहिला, मग हिलरीचं कोपर सापडताच त्यानं ते घट्ट, दुखेल इतकं घट्ट धरलं.

"चल," ती म्हणाली.